वडिलांसाठी लॅपटॉप घेताय? आधी डोळे, कान आणि हात पाहा

दिवाळीच्या सुटीत पुण्या-मुंबईहून मुले सोनपेठला आली की दोन गोष्टी हमखास होतात. आईवडिलांना एकदा तपासायला आणले जाते आणि त्यांच्यासाठी काहीतरी घेतले जाते. पूर्वी ते मिक्सर किंवा स्वेटर असे. आता काही घरांत लॅपटॉप येऊ लागला आहे. निवृत्त गुरुजींना आठवणी लिहायच्या असतात. पतसंस्थेत उमेद घालवलेल्या काकांना हिशेबाचे तक्ते पाहायचे असतात. आजीला परदेशातल्या नातवाचा चेहरा मोठा दिसायला हवा असतो, तर आजोबांना महाभूलेखवरचा सातबारा कोणाला न विचारता स्वतः वाचायचा असतो.

या सगळ्या गरजा खऱ्या आहेत. तरीही तीन-चार महिन्यांनी विचारले तर बऱ्याचदा एकच उत्तर मिळते : ‘कपाटात ठेवलाय डॉक्टर, डोळे दुखतात.’

लॅपटॉप बिघडलेला नसतो आणि आजोबाही आळशी नसतात. खरेदी करताना मुलाने प्रोसेसर पाहिलेला असतो, किंमत पाहिलेली असते, सवलतही पाहिलेली असते. फक्त तो कोणाच्या डोळ्यांसाठी आणि कोणाच्या हातांसाठी घेतोय, हे पाहायचे राहून गेलेले असते. साठीनंतरचे शरीर तिशीतल्या शरीरापेक्षा वेगळे असते. ते नीट समजून घेतले तर कमी पैशांत जास्त उपयोगाची वस्तू घेता येते. पैसा कुठे घालायचा आणि कुठे वाचवायचा, हे बरेचसे शरीरच सांगते.

लॅपटॉप खरेच हवा का?

आधी काम ठरवा. फक्त व्हिडिओ कॉल, भजन-कीर्तन आणि बातम्या एवढेच पाहायचे असेल, तर दहा-अकरा इंचाचा टॅब्लेट स्वस्त पडतो आणि सोपाही जातो. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला देणे एवढ्यासाठीही लॅपटॉप घेऊ नका. केंद्र सरकारची ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल दाखल्याची सोय नोव्हेंबर २०१४ पासून आहे. पण लॅपटॉपवरून तो दाखला देताना बोटांचे ठसे घेणारे वेगळे यंत्र लागते. शेतात आणि चुलीपुढे राबलेल्या हातांचे ठसे उतारवयात झिजतात, त्वचा कोरडी पडते आणि यंत्र ते ओळखत नाही. चेहरा दाखवून प्रमाणपत्र देण्याची पद्धत अशांना सोयीची आहे, आणि ती स्मार्टफोनवर चालते.

लॅपटॉपची गरज पडते ती लिहिण्यासाठी, हिशेबासाठी, मोठी कागदपत्रे वाचण्यासाठी आणि अर्ज भरण्यासाठी. यांपैकी एक तरी काम आठवड्यातून तीन-चार वेळा होणार असेल, तर पुढे वाचा.

पडद्यावर पैसे खर्च करा

डोळ्यांतले भिंग वयानुसार ताठर होते, जवळचे दिसेनासे होते आणि आपण म्हणतो ‘चाळिशी लागली’. यापलीकडे आणखी दोन बदल होतात. भिंग पिवळसर होत जाते आणि बाहुली लहान होते. त्यामुळे साठीतल्या माणसाच्या नेत्रपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. मुलाला दुकानात ‘छान उजळ’ दिसणारा पडदा वडिलांना घरी मंद वाटतो, तो यामुळे. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर खिडकीचा किंवा ट्यूबलाइटचा प्रकाश डोळ्यांत पसरतो आणि अक्षरे धुरकट होतात.

म्हणून वडिलांच्या लॅपटॉपमध्ये सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे पडदा. तो १५.६ इंचाचा असावा. चकचकीत नसावा, मॅट असावा, म्हणजे त्यात मागची खिडकी दिसत नाही. रिझोल्यूशन १९२० गुणिले १०८० म्हणजे फुल एचडी असावे. पडदा आयपीएस प्रकारचा घ्या. जुन्या टीएन प्रकारच्या पडद्याकडे थोडे वरून किंवा खालून पाहिले की रंग फिके पडतात, आणि चष्मा लावणारी मंडळी नेमकी मान वरखाली करूनच पाहतात. उजेडाचे माप ‘निट्स’मध्ये दिलेले असते. ते किमान २५० असावे, ३०० असेल तर उत्तम.

आता अक्षरांचा आकार. इंग्रजीची सवय असलेला मुलगा ज्या आकारात सेटिंग ठेवतो, त्या आकारात मराठी वाचणे अवघड जाते. देवनागरीत वर वेलांटी आणि रफार असतो, खाली उकार असतो, मध्ये जोडाक्षर असते. अक्षर लहान झाले की आधी हेच तपशील पुसट होतात आणि ‘मत’ आणि ‘मृत’ यांतला फरक नजरेतून सुटतो. विंडोजमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन स्केल १५० टक्के करा, माउसचा बाण मोठा आणि काळा करा. यासाठी एक रुपयाही लागत नाही.

डोळे दुखण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे पापण्या कमी लवणे. एरवी आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी लववतो. पडद्याकडे टक लावून पाहताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. डोळे कोरडे होतात, चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब, वीसेक फुटांवरच्या झाडाकडे पाहावे. पंख्याचा वारा थेट तोंडावर नसावा.

‘ब्लू कट’ चष्म्यासाठी जादा पैसे मोजू नका. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये अशा चष्म्यांच्या १७ चाचण्या तपासल्या. संगणकामुळे डोळ्यांना येणारा थकवा या काचांनी कमी होत असल्याचे त्यात दिसले नाही. तेच पैसे चष्म्याचा नंबर नीट तपासून घेण्यासाठी वापरा.

चष्म्याचा नंबर आणि मानेचे दुखणे

वाचनाचा चष्मा पुस्तकासाठी, म्हणजे साधारण ४० सेंटिमीटर अंतरासाठी काढलेला असतो. लॅपटॉपचा पडदा मात्र हातभर, म्हणजे ५० ते ६० सेंटिमीटर लांब असतो. पुस्तकासाठी अडीच नंबरची जास्तीची मदत लागत असेल, तर पडद्यासाठी दीड ते पावणेदोन पुरते. म्हणून वाचनाचा चष्मा लावून पडदा पाहिला की अक्षर अस्पष्ट दिसते. मग माणूस पुढे वाकतो आणि संध्याकाळपर्यंत पाठ धरते.

दुहेरी काचांचा, म्हणजे बायफोकल चष्मा असेल तर अडचण वेगळी. जवळचे पाहायची काच खाली असते. तिच्यातून पडदा दिसावा म्हणून हनुवटी वर करावी लागते. तासभर मान अशी मागे गेली की मानेच्या मणक्यांची झीज असलेल्यांना दुखणे वाढते, काहींना हातात मुंग्या येतात. ‘पडदा डोळ्यांच्या रेषेत ठेवा’ हा सगळीकडे दिला जाणारा सल्ला या मंडळींना उलट त्रासदायक ठरतो. बायफोकलवाल्यांनी पडदा थोडा खाली ठेवून मागे कलवावा. त्याहून चांगला उपाय म्हणजे फक्त संगणकाच्या अंतराचा एक साधा, एकेरी काचेचा चष्मा करून घेणे. नेत्र तपासणीला जाताना घरी पडदा किती अंतरावर असतो ते टेपने मोजून न्या आणि तेवढे सांगा.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर आधी ती उरकून घ्या. सरकारी व्यवस्थेत ती मोफत होते. शस्त्रक्रियेनंतर नंबर स्थिर व्हायला महिना-दीड महिना लागतो. त्यानंतर चष्मा करा आणि मगच लॅपटॉप निवडा. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा नेत्रपटलाची तपासणी झालीच पाहिजे. पडद्यावरच्या सरळ ओळी वाकड्या दिसू लागल्या किंवा मधले अक्षर गायब झाल्यासारखे वाटले, तर लॅपटॉपला दोष देऊ नका. त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ गाठा.

हात आणि कान

लॅपटॉपवरचा टचपॅड तरुण बोटांसाठी ठीक असतो. सांधे आखडलेल्या, थरथरणाऱ्या किंवा कोरड्या बोटांना तो जमत नाही. वायरचा साधा, हाताच्या मापाचा माउस सोबतच घ्या. डबल क्लिकचा वेग सेटिंगमध्ये कमी करा. थरथर असेल तर एकाच वेळी दोन बटणे दाबणे कठीण जाते. विंडोजमधली ‘स्टिकी कीज’ ही सोय सुरू केली की तीच बटणे एकामागून एक दाबली तरी चालतात. कीबोर्डवरची अक्षरे मोठी आणि ठळक असावीत. बटणांतून उजेड येत असेल तर सोय होते, पण तेवढ्यासाठी पाच हजार जास्त देऊ नयेत.

मराठी लिहिण्यासाठी विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी असे दोन्ही कीबोर्ड आयते असतात. फक्त चालू करावे लागतात. इंग्रजी अक्षरे ओळखणाऱ्यांना दुसरा सोपा जातो. गुगल डॉक्समध्ये मराठीत बोलून लिहिण्याची सोय आहे. संधिवाताने बोटे वाकडी झालेल्यांसाठी ती वरदानच आहे. लेखात चुका होतात, पण त्या दुरुस्त करणे संपूर्ण लेख टंकित करण्यापेक्षा हलके काम आहे.

वयानुसार कमी होणारी श्रवणशक्ती आधी उंच स्वर गमावते. स, श, च, फ हे आवाज हरवतात. मग माणूस म्हणतो, ‘ऐकू येतं, पण कळत नाही.’ स्वस्त लॅपटॉपचे स्पीकर बारीक असतात आणि पुष्कळदा खाली तोंड करून बसवलेले असतात. म्हणून व्हिडिओ कॉलवर नातू बोलतो आणि आजोबा नुसतेच हसतात. कान झाकणारा, माइक असलेला पाच-सातशे रुपयांचा हेडफोन हा प्रश्न बराचसा सोडवतो. ई-संजीवनीवरून तज्ज्ञ डॉक्टरांशी बोलताना तर तो लागतोच. तिथे एक शब्द चुकीचा ऐकला तर गोळी चुकीच्या वेळी घेतली जाते. श्रवणयंत्र असेल तर हेडफोन त्यासह चालतो का, ते दुकानातच लावून पाहा.

नाव लॅपटॉप, पण मांडीवर नको

‘लॅप’ म्हणजे मांडी, आणि हे यंत्र मांडीवर ठेवायचे नाही, एवढे तरी घरातल्या सर्वांना माहीत हवे. रोज तासन्‌तास ऊब लागत राहिली की मांडीच्या कातडीवर जाळीदार तपकिरी डाग उठतात. वैद्यकीय साहित्यात लॅपटॉपमुळे झालेल्या अशा रुग्णांची नोंद आहे. मधुमेहाने संवेदना कमी झालेल्या माणसाला चटका बसतोय हेच कळत नाही, आणि अशा जखमा लवकर भरत नाहीत. हृदयात पेसमेकर बसवलेला असेल तर लॅपटॉप छातीवर ठेवून आडवे पडू नये. त्याच्या झाकणात चुंबक असतात. ते पेसमेकरपासून किमान १५ सेंटिमीटर दूर असावेत.

गादीवर किंवा गोधडीवर ठेवल्यास लॅपटॉपची हवा जाण्याची छिद्रे बंद होतात. आपल्याकडचा एप्रिल-मे आणि वर पत्र्याचे छत असेल, तर त्याची बॅटरी लवकर खराब होते, कारण उष्णता हा लिथियम बॅटरीचा शत्रू आहे. टेबल, पाठ टेकता येईल अशी खुर्ची आणि तीन पिनांचा, अर्थिंग असलेला सॉकेट, एवढी जागा घरात आधी ठरवा. लॅपटॉपला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर घरातले अर्थिंग तपासून घ्या. अर्ध्या तासाने उठून अंगणात एक फेरी मारावी.

आत काय असावे

मेमरी ८ जीबी आणि साठवणीसाठी एसएसडी, या दोन बाबतींत तडजोड नको. ४ जीबी मेमरी आणि ईएमएमसी साठवण असलेले लॅपटॉप सर्वांत स्वस्त मिळतात आणि ज्येष्ठांसाठी तेच सर्वांत महाग पडतात. त्यांचा प्रतिसाद मंद असतो. तरुण माणूस वाट पाहतो किंवा चिडतो. ज्येष्ठ माणूस पुन्हा क्लिक करतो, चार खिडक्या उघडतात आणि तो समजतो की आपल्याकडूनच काहीतरी बिघडले. दोनदा असे झाले की तो हात लावणे सोडून देतो.

वाचवायचे असेल तर प्रोसेसरवर वाचवा. इंटेल कोअर आय३ किंवा रायझन ३ दर्जाचा अलीकडचा प्रोसेसर या कामांना पुरेसा आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नको, टचस्क्रीन नको, १६ जीबी नको. साठवण २५६ जीबी असली तरी चालते. वजन पावणेदोन किलोच्या आत असावे. घरात वीज जाते-येते, म्हणून बॅटरी चार-पाच तास चालणारी असावी.

क्रोमबुक हा आणखी एक पर्याय. तो स्वस्त असतो, गोंधळ कमी करतो आणि नव्या यंत्रांना दहा वर्षांपर्यंत सुरक्षेच्या सुधारणा मिळतात. मात्र त्याचे बहुतेक काम इंटरनेटवर अवलंबून असते. रेंज जाणाऱ्या घरात तो घेण्यापूर्वी विचार करा.

कंपन्यांनी वापरून काढलेले, दुरुस्त केलेले लॅपटॉप निम्म्या किमतीत मिळतात. त्यांची बांधणी मजबूत असते, कीबोर्डही चांगले असतात. पण एक तारीख लक्षात ठेवा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार बंद केला. विंडोज ११ साठी इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुने यंत्र कितीही स्वस्त असले, तरी बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत. वापरलेला घेताना बॅटरी नवी टाकून घ्या आणि सहा महिन्यांची तरी लेखी हमी घ्या.

नवा घेताना हमीपत्रात ‘घरी येऊन दुरुस्ती’ लिहिलेले असते. ती सेवा आपल्या पिन कोडला मिळते का, हे विचारा. नाही तर प्रत्येक बिघाडाला कोणीतरी परभणी गाठावी लागते, आणि ते ‘कोणीतरी’ पुण्यात असते.

मेंदूला चालना मिळते का?

हा प्रश्न अनेक नातेवाईक विचारतात. २०२५ मध्ये ‘नेचर ह्युमन बिहेवियर’ या नियतकालिकात ५७ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण आले. त्यात चार लाखांहून अधिक प्रौढांची माहिती होती आणि सरासरी वय ६९ च्या आसपास होते. संगणक, फोन, इंटरनेट वापरणाऱ्यांमध्ये बौद्धिक क्षमता घसरण्याचे प्रमाण बरेच कमी आढळले. पण यावरून ‘लॅपटॉप घ्या आणि विस्मरण टाळा’ असे म्हणता येत नाही. ज्यांचा मेंदू तल्लख आहे तेच अशी साधने वापरत राहतात, हेही त्यामागचे एक कारण असू शकते. एवढे मात्र नक्की म्हणता येते की उतारवयात नवे शिकणे घातक नाही, आणि माणसांशी संपर्क टिकणे हितकारक आहे.

शिकवताना सुटीतल्या एकाच दिवशी तीन तास शिकवू नका. रोज वीस मिनिटे, एका वेळी एकच काम, हे जास्त टिकते. माउस त्यांच्याच हातात राहू द्या. ‘थांबा, मी करतो’ म्हणून हिसकावून घेतलेला माउस हा शिकवणीचा शेवट असतो. पायऱ्या त्यांनी स्वतःच्या अक्षरात वहीत लिहाव्यात. पडद्यावर चार-पाचच चिन्हे ठेवा आणि त्यांची जागा बदलू नका.

घरच्यांसाठी एक सूचना. पासवर्ड विसरणे म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. परंतु वर्षभर सहज जमणारे काम दोन-तीन महिन्यांत जमेनासे झाले, तेच ते प्रश्न पुन्हा येऊ लागले किंवा हिशेब चुकू लागले, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य, काही औषधांचे परिणाम ही बरी करता येणारी कारणे असतात. तपासून घ्या.

फसवणुकीपासून राखण

व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी देतो. आपल्या कायद्यात असा अटकेचा प्रकारच नाही. पडद्यावर अचानक लाल सूचना येते, भोंगा वाजतो आणि एक फोन नंबर झळकतो. त्यावर फोन करायचा नाही. पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून यंत्र बंद करायचे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवायचे. लाजेपोटी वेळ घालवला की पैसे परत मिळण्याची शक्यता कमी होते. रक्तदाब असलेल्या माणसाला अशा धक्क्याने दवाखान्यात आणावे लागते, म्हणून डॉक्टरांच्या लेखात हा विषय आला.

त्यांच्यासाठी साधे खाते उघडा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे नको, म्हणजे कोणी सांगितले म्हणून नवे सॉफ्टवेअर आपोआप बसत नाही. ऑनलाइन व्यवहाराचे बँक खाते वेगळे आणि थोड्या रकमेचे ठेवा. आणि एक गोष्ट डॉक्टर म्हणून : व्हिडिओ पाहून रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी बंद करायची नाही. जे पाहिले ते वहीत लिहून आणा, आपण बोलू.

दुकानात जाताना सोबत ठेवा

• वडिलांना किंवा आईला सोबत न्या. त्यांच्याच चष्म्यातून, मराठी मजकूर उघडून पडदा पाहू द्या.

• पडदा १५.६ इंच, मॅट, फुल एचडी, आयपीएस, किमान २५० निट्स.

• मेमरी ८ जीबी, एसएसडी, विंडोज ११ चालणारा प्रोसेसर.

• माउस, माइकचा हेडफोन आणि गरज असल्यास संगणकाचा चष्मा यांसाठी बजेटमधून तीनेक हजार आधीच बाजूला काढा.

• घरी येऊन दुरुस्तीची सेवा आपल्या गावात मिळते का, ते लेखी घ्या.

• ई-मेल खाते त्यांच्याच नावाने आणि त्यांच्याच मोबाइल क्रमांकाने उघडा. पासवर्ड कपाटातल्या वहीत असू द्या, यंत्रावर चिकटवू नका.

हे सगळे पस्तीस-चाळीस हजारांच्या आतबाहेर बसते, आणि चांगला वापरलेला लॅपटॉप मिळाला तर त्याहून बरेच कमी लागतात. मुले दूर असतात, त्यांची काळजी खरी असते. पण आईवडिलांचे काम परस्पर उरकून देण्यापेक्षा ते त्यांना स्वतः करता येईल अशी सोय करून देणे, ही मोठी मदत आहे. आपला सातबारा, आपले पेन्शन आणि आपली औषधांची चिठ्ठी स्वतः वाचणारा माणूस म्हातारपणातही घरात मान ताठ ठेवून बसतो.